लेहहून चंदीगडला: नवजात बाळाला हवाई दलाच्या विमानातून हलवताना

हिवाळ्यात झोजी ला ही खिंड बर्फाखाली गेली आणि मनालीकडचा रस्ताही बंद पडला की लडाखमधून बाहेर पडायला आकाशाखेरीज दुसरी वाट उरत नाही. अशा दिवसांत लेहच्या किंवा कारगिलच्या रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला शस्त्रक्रियेची, हृदयाच्या उपचारांची किंवा दीर्घकाळ व्हेंटिलेटरची गरज भासली, तर त्याला चंदीगडच्या पीजीआय या मोठ्या रुग्णालयात किंवा दिल्लीला न्यावे लागते. काचपेटी (इनक्युबेटर), सिलिंडर आणि पंप घेऊन प्रवासी विमानाने जाणे जमत नाही, तेव्हा भारतीय हवाई दलाची मालवाहू विमाने आणि हेलिकॉप्टरे मदतीला येतात. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी लेहच्या कच्च्या धावपट्टीवर पहिले डाकोटा विमान उतरवले. ती धावपट्टी ज्या लडाखी अभियंत्याने तयार करून घेतली, त्या सोनम नोर्बू यांचेच नाव आज लेहच्या रुग्णालयाला आहे. बाळ ज्या रुग्णालयातून निघते आणि ज्या धावपट्टीवरून उडते, त्या दोन्हींमागे एकाच माणसाची आठवण आहे, हे तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाने जाणून असावे असे मला वाटते.

हे मार्गदर्शन लडाखमध्ये नेमणुकीवर असलेल्या किंवा जाऊ घातलेल्या मराठी डॉक्टरांसाठी आणि परिचारिकांसाठी आहे. पुण्याच्या एएफएमसीतून (सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून) शिकून तिकडे जाणारेही त्यात आले. औषधांच्या मात्रा आपापल्या विभागाच्या लेखी नियमांप्रमाणे आणि वरिष्ठांना विचारूनच ठराव्यात. येथे भर आहे तो तयारीवर, कारण या कामातील बहुतेक यशापयश विमानाची चाके जमिनीवरून उचलण्यापूर्वीच ठरलेले असते. विमानात बाळाची राखण करता येते. उपचार मात्र जमिनीवरच उरकावे लागतात.

मागणी कशी करावी

रुग्णालयाने थेट हवाई तळाला फोन करून विमान मागवण्याची रीत नाही. मागणी जिल्हा किंवा केंद्रशासित प्रदेशाच्या प्रशासनामार्फत जाते आणि विमान द्यायचे की नाही, कोणते द्यायचे व कधी द्यायचे हे हवाई दल ठरवते. म्हणून बाळ हलवावे लागेल अशी शंका येताच, निर्णय पक्का होण्याची वाट न पाहता, प्रशासनाला पूर्वसूचना द्यावी. लेहमध्ये दुपारनंतर वारा वाढतो, त्यामुळे तेथील विमानवाहतूक मुख्यतः सकाळच्या वेळात उरकली जाते. संध्याकाळी केलेली मागणी बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळीच फळते, हे गृहीत धरून रात्रीचे नियोजन करावे.

मागणीच्या कागदावर वैमानिकाला उपयोगी पडेल तेच लिहावे: बाळाचे वजन, पेटी व सामानाचे एकूण वजन, सोबतच्या माणसांची संख्या व प्रत्येकाचे वजन, प्राणवायूचे किती सिलिंडर बरोबर असतील, विमानाच्या विजेवर काही चालवायचे आहे का, आणि केबिनमधील हवेच्या दाबाबाबत काही विनंती आहे का. बाळ किती तास थांबू शकते हेही स्पष्ट लिहावे. इथे एक गोष्ट आग्रहाने सांगतो. ‘हे त्या जोडप्याचे सात वर्षांनी झालेले बाळ आहे’ असे वैमानिकाच्या कानावर घालू नये. खिंडीत ढग भरले आहेत की नाहीत याचा निर्णय त्याला ढगांकडे पाहूनच घेता यायला हवा. आपण त्याच्या मनावर ओझे टाकले तर विमानातील सगळ्यांचेच प्राण, बाळाचेही, धोक्यात येतात. उड्डाण रद्द झाले तर वाद न घालता बाळाकडे परतावे आणि पुढच्या सकाळची तयारी करावी.

विमान येईपर्यंतचे तास

हा वेळ वाट पाहण्याचा नाही. खरे काम याच वेळात करायचे आहे.

पहिली काळजी उबेची. बाळाच्या शरीराचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे, आणि रुग्णालयातून निघताना ते या पट्ट्याच्या वरच्या बाजूला असलेले बरे, कारण वाटेत ते उतरणारच. जानेवारीतल्या सकाळी लेहच्या धावपट्टीवर पारा उणे १० अंशांच्याही खाली असतो. पेटी किमान तासभर आधी गरम करून ठेवावी, आत घालायची दुपटी, टोपी व मोजेही पेटीतच गरम होऊ द्यावेत. एकेरी भिंतीच्या पेटीत आतली हवा उबदार असूनही बाळाच्या अंगातली ऊब थंड भिंतीकडे झिरपत राहते. म्हणून पेटीवर बाहेरून जाड रजई घालावी, मात्र बाळाचा चेहरा व छाती दिसेल एवढी खिडकी उघडी ठेवावी. खूपच कमी दिवसांचे (मुदतीच्या बरेच आधी जन्मलेले) बाळ असेल तर मानेपर्यंत स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत ठेवण्याची पद्धत उपयोगी पडते. गरम पाण्याच्या पिशव्या मात्र वापरू नयेत, त्यांनी नाजूक कातडी भाजते. थर्मामीटर हाताशी नसेल तेव्हा हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला आणि मग तळपायाला लावून पाहावी. दोन्ही सारखेच उबदार लागले तर ठीक. पोट उबदार आणि पाय गार असतील तर बाळ थंडीशी झुंजते आहे, त्याची साखर व प्राणवायू दोन्ही त्यात खर्च होत आहेत. दोन्ही गार असतील तर बाळ निघण्याच्या स्थितीत नाही. पाऱ्याचा थर्मामीटर चुकूनही बरोबर घेऊ नये: फुटून पारा सांडला तर तो विमानाच्या अ‍ॅल्युमिनियमला खातो, आणि विमानात त्याला बंदी असते.

दुसरी काळजी साखरेची. निघण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात रक्तातील साखर तपासावी आणि ती ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर आहे याची खात्री करावी. पहिल्या दिवसाच्या बाळाला दर किलोमागे दिवसाला ६० मिलिलिटर या हिशेबाने १० टक्के डेक्स्ट्रोज द्यायचे असेल, तर अडीच किलोच्या बाळाला ताशी सव्वासहा मिलिलिटर जाते. ते थेंब मोजून देऊ नये. विमानाच्या हादऱ्यांत आणि बदलत्या दाबात थेंबांचा वेग भरवशाचा राहत नाही. सिरिंज पंपच हवा, आणि त्याची बॅटरी आदल्या रात्रीच चार्ज झालेली हवी. सलाईनची नळी पेटीच्या बाहेर लोंबत राहिली तर कडाक्याच्या थंडीत त्यातील द्रव गोठू शकतो, म्हणून ती शक्य तेवढी पेटीच्या आतून, बाळाच्या अंगालगत न्यावी. शिरेचे दोन मार्ग असावेत. एक हवेत बंद पडला तर दुसरा लावण्याइतका उजेड, जागा किंवा स्थिर हात तिथे मिळेलच असे नाही.

तिसरी, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट, म्हणजे श्वासनलिकेतली नळी. बाळाच्या श्वासाबद्दल मनात थोडीशीही शंका असेल तर नळी रुग्णालयातच घालावी. ‘वाटेत लागली तर घालू’ हा विचार मोडूनच काढावा. वजनाच्या आकड्यात सहा मिळवले की ओठांपाशी नळी किती सेंटिमीटरवर असावी ते कळते: दोन किलोच्या बाळाला आठ. तो आकडा बाळाच्या पेटीवर मोठ्या अक्षरांत चिकटवावा. मग वरच्या ओठावरची जागा पुसून पूर्ण कोरडी करावी, चिकटपट्टीच्या एका टोकाला मधोमध चीर द्यावी, एक पाय ओठावर आणि दुसरा नळीभोवती गुंडाळावा, आणि समोरच्या बाजूने दुसरी पट्टी उलट दिशेने तशीच बसवावी. पट्टी बसल्यावर डोके मध्यरेषेत ठेवून एक्स-रे काढावा. बाळाने मान खाली घातली की नळी आत सरकते आणि मान मागे गेली की वर येते. केवळ दीड-दोन किलोच्या जिवाच्या श्वासनलिकेत ही सरक नळी निसटायला पुरेशी असते. म्हणून प्रवासभर मान स्थिर राहील अशा छोट्या गुंडाळ्या दोन्ही कानांशी लावाव्यात.

कोंडलेल्या हवेचा शोध घेतल्याशिवाय कोणतेही बाळ विमानात चढवू नये. वर गेल्यावर हवेचा दाब घटतो आणि बंद जागेतली हवा फुगते. समुद्रसपाटीवरची हवा ८,००० फुटांच्या दाबात साधारण एक तृतीयांशाने वाढते. फुफ्फुसाभोवती साठलेली हवा जमिनीवर बाळाने सहन केलेली असते, हवेत ती सहन होईलच असे नाही. एक्स-रेमध्ये ती दिसली तर आधी छातीत वेगळी नळी घालून बाहेर काढावी आणि त्या नळीला एकाच दिशेने हवा जाऊ देणारी झडप लावावी. पोटात तोंडावाटे नळी घालून तिचे टोक उघडे ठेवावे. आतड्यांचा अडथळा, छाती व पोट यांच्यामधल्या पडद्याचा हर्निया किंवा आतड्यांचा गंभीर दाह असलेल्या बाळांसाठी हे सोडून चालतच नाही. अन्ननलिका मध्येच बंद असलेल्या बाळाचे डोके उंच ठेवावे आणि वरच्या कप्प्यातली लाळ दर काही मिनिटांनी सक्शनने काढत राहावी. धमनी उघडी ठेवण्यासाठी प्रोस्टाग्लँडिन चालू असलेल्या हृदयरोगी बाळाचा श्वास त्या औषधानेच थांबू शकतो, तेव्हा अशा बाळाबरोबर अ‍ॅम्ब्यू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) हातातच असावी, सामानाच्या पिशवीत नको.

प्राणवायूचा हिशेब

लडाखमधला प्रवास इतर ठिकाणांहून वेगळा आहे, आणि पुस्तकातला नियम येथे जसाच्या तसा लावला तर चूक होते. सपाट प्रदेशातून उडणारे बाळ वर जाते, म्हणून त्याची प्राणवायूची गरज वाढते. लेहची धावपट्टी मात्र आधीच सुमारे ३,२५० मीटर उंचीवर आहे. दाब नियंत्रित केलेल्या केबिनची उंची (आतला दाब ज्या उंचीवरच्या दाबाइतका असतो ती) ८,००० फूट, म्हणजे सुमारे २,४४० मीटर ठेवली, तर बाळ विमानात बसून खरे म्हणजे खाली उतरते. लेहमध्ये ६० टक्के प्राणवायू लागणाऱ्या बाळाला तेवढ्याच परिणामासाठी अशा केबिनमध्ये सुमारे ५३ टक्के आणि चंदीगडच्या जमिनीवर सुमारे ४१ टक्के पुरतो. हिशेब सोपा आहे: आताची टक्केवारी गुणिले आताच्या ठिकाणचा दाब, भागिले पुढच्या ठिकाणचा दाब. लेहसाठी ५००, त्या केबिनसाठी ५६५ आणि चंदीगडसाठी ७३० मिलिमीटर पारा हे ढोबळ आकडे चालतात. उतरताना टक्केवारी कमी करायला विसरले तर कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याला जादा प्राणवायूने इजा होऊ शकते. अशा बाळाच्या ऑक्सिमीटरचे वाचन (रक्तातील प्राणवायूची टक्केवारी) ९० ते ९५ च्या दरम्यान राखायचे असते.

हेलिकॉप्टरमध्ये सगळे उलटे होते. तिथे केबिनचा दाब बाहेरच्या इतकाच असतो. कारगिलहून लेहला येताना डोंगर ओलांडण्यासाठी हेलिकॉप्टर ४,५०० मीटरपर्यंत चढले, तर कारगिलमध्ये ४० टक्क्यांवर असलेल्या बाळाला वाटेत सुमारे ५१ टक्के लागतो. म्हणून निघण्यापूर्वी वैमानिकाला एकच प्रश्न नेमका विचारावा: ‘सर, केबिनची उंची जास्तीत जास्त किती होईल?’ उत्तराचा आकडा कागदावर उतरवून हिशेब तिथेच करावा.

सिलिंडरचा अंदाज घेताना केवळ उड्डाणाचा वेळ धरणे ही नेहमीची चूक आहे. उड्डाण तासाभराचे असले तरी रुग्णालयाच्या दारापासून चंदीगडच्या रुग्णालयाच्या दारापर्यंत चार तास सहज जातात. मिनिटाला पाच लिटर या वेगाने चार तासांना १,२०० लिटर लागतात. त्याच्या दुप्पट न्यावेत, म्हणजे १,५०० लिटरचे बी टाइप सिलिंडर दोन. ते किती आहेत आणि कुठे बांधले आहेत हे क्रूला सांगितलेच पाहिजे, कारण प्राणवायू हा विमानाच्या दृष्टीने धोकादायक माल आहे. विजेबाबतही आधीच बोलून घ्यावे. विमानातली वीज रुग्णालयासारखी २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ नसते. बहुधा ती २८ व्होल्ट डीसी किंवा ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झ असते. योग्य कन्व्हर्टर नसेल तर पेटी पूर्णपणे बॅटरीवर चालवायची आहे असे धरून चालावे, आणि थंडीत बॅटरी लवकर उतरते हेही लक्षात ठेवावे.

धावपट्टीवर

रुग्णवाहिकेतून विमानापर्यंतची शंभर पावले बाळाच्या दृष्टीने सगळ्यात वाईट असतात. विमान तयार असल्याचा निरोप येईपर्यंत रुग्णवाहिकेचे दार उघडू नये. इटलीच्या हवाई दलात सी-१३०जे विमानात रुग्णवाहिकाच मागच्या उतारावरून आत चढवतात आणि बाळ त्यातच राहते. आपल्याकडेही ते विमान आहे आणि ही पद्धत जिथे शक्य असेल तिथे विचारून पाहावी असे मला मनापासून वाटते, कारण बाळाची प्रत्येक उचल-ठेव ही नळी निसटण्याची एक संधी असते. ते शक्य नसेल तर पेटी चौघांनी उचलावी, एकाने केवळ नळीवर हात आणि नजर ठेवावी, आणि ‘उचला’ हा शब्द त्यानेच उच्चारावा.

विमानाच्या आत लोडमास्टरचा, म्हणजे माल चढवण्याची व बांधण्याची जबाबदारी असलेल्या क्रू सदस्याचा, शब्द अंतिम मानावा. पेटी कुठे ठेवायची आणि जमिनीतल्या कोणत्या कड्यांना पट्ट्यांनी आवळायची हे त्याचे शास्त्र आहे. आपण एवढेच सांगावे की बाळाचे तोंड कोणत्या बाजूने दिसले पाहिजे आणि कोणत्या बाजूची खिडकी हात घालायला मोकळी हवी. हेलिकॉप्टर असेल तर क्रूने हाताने बोलावल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नये आणि शेपटीच्या पंख्याकडे कधीही जाऊ नये. पंख्यांच्या वाऱ्यात सुटी दुपटी उडून जातात, म्हणून पेटीवरची रजई पट्ट्यांनी बांधलेली असावी. लडाखचे ऊनही प्रखर असते: ऑक्सिमीटरच्या सेन्सरवर ते थेट पडले तर वाचन खोटे येते, त्यावर कापड गुंडाळावे.

हवेत

इंजिने सुरू झाली की स्टेथोस्कोप निरुपयोगी होतो. छातीची हालचाल डोळ्यांनी पाहावी, ऑक्सिमीटरवरचा आकडा आणि त्याखालची लाट दोन्ही पाहावी, कारण लाट नसलेला आकडा भरवशाचा नसतो. नळी जागेवर आहे का हे कळण्यासाठी कार्बन डायऑक्साइडने रंग बदलणारे छोटे उपकरण नळी आणि बॅग यांच्यामध्ये लावून ठेवावे. बाळाच्या कानांवर चिकटणारी आवरणे लावावीत. आपण मोठी माणसे हेडसेट घालून बसतो, तोच आवाज बाळाच्या कानांवरही पडत असतो. डॉक्टर आणि सिस्टर यांनी हातांच्या खुणा आधीच ठरवाव्यात: सक्शन, बॅग, औषध, वैमानिकाला सांगा. चार खुणा पुरतात.

दर १५ मिनिटांनी तापमान, नाडी, श्वास, वाचन, प्राणवायूची टक्केवारी आणि सिलिंडरचा काटा यांची नोंद पेन्सिलने करावी. बाळ अचानक ढासळले तर क्रम ठरलेला असावा: नळी निसटली आहे का, नळी तुंबली आहे का, छातीत हवा कोंडली आहे का, यंत्र बंद पडले आहे का. यंत्राचा शोध घेत बसू नये. आधी बाळ यंत्रापासून सोडवून हाताने बॅग द्यावी. चढ-उतार संथ ठेवण्याची विनंती, विशेषतः मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असलेल्या कमी दिवसांच्या बाळासाठी, उड्डाणापूर्वीच केलेली असावी. वाटेत केबिनची उंची कमी करावी लागली तर वैमानिकाला शांतपणे, आकड्यात सांगावे. डोंगरांवरून जाताना ते दर वेळी शक्य नसते आणि त्याचे ‘नाही’ हे उत्तरही समजून घ्यावे.

आई

जागा एकच उरली असेल तर ती आईची, असा माझा ठाम आग्रह आहे. सिझेरियननंतर लगेच ती प्रवास करू शकत नसेल तर वडिलांनी जावे आणि तिच्या रक्ताचा नमुना, संमतीपत्र व पहिल्या चिकाचे थेंब बाळाबरोबर द्यावेत. २०२० च्या उन्हाळ्यात लेहच्या एका नवजात बाळावर दिल्लीत अन्ननलिकेची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा आईचे दूध रोज प्रवासी विमानाने लेहहून दिल्लीला पोहोचत असे. मागे राहिलेली आईसुद्धा बाळाच्या उपचारात सहभागी असू शकते, हे तिला निघण्यापूर्वीच सांगावे. बाळ नेण्यापूर्वी पेटी तिच्या पलंगापाशी थांबवावी, खिडकी उघडून तिचा हात आत जाऊ द्यावा, आणि तिला ‘आमा-ले’ म्हणून, तिच्या भाषेतल्या आदराने, बाळ कुठे आणि कोणाबरोबर जात आहे ते दुभाष्याच्या मदतीने समजावून सांगावे. यात जाणारी पाच मिनिटे वेळापत्रकातच धरलेली असावीत.

बाळ स्थिर असेल आणि पेटी मिळत नसेल, तर आईच्या उघड्या छातीशी बाळ बांधून, वरून गरम कपडे घालून नेणे हा कमीपणाचा पर्याय मानू नये. आईची ऊब बॅटरीवर अवलंबून नसते.

उतरल्यावर

चंदीगडच्या तळावर दार उघडताच प्राणवायूची टक्केवारी पुन्हा तपासावी, तापमान व साखर मोजावी, आणि रुग्णवाहिकेत नेण्यापूर्वी नळीचा ओठांपाशीचा आकडा पेटीवरच्या आकड्याशी ताडून पाहावा. पीजीआयच्या डॉक्टरांना तोंडी माहिती देताना पहिल्या दोन वाक्यांत बाळाचे वय तासांत, वजन, निदान आणि आत्ताची स्थिती सांगावी. जन्माचा सविस्तर इतिहास कागदात असतो. एक्स-रे, नोंदींचा कागद, आईचा नमुना आणि बाळाच्या पायातली नावाची पट्टी प्रत्यक्ष हातात द्यावी आणि घेणाऱ्याची सही घ्यावी.

लेहला लगेच निरोप पाठवावा, आधी आईला आणि मग वॉर्डला. विमान परत जाण्यापूर्वी काचपेटी, पंप आणि रिकामे सिलिंडर लोडमास्टरच्या ताब्यात परत द्यायचे असतात, आणि ते कोणाबरोबर, कोणत्या फेरीने लेहला जाणार हे उतरण्याच्या आधीच ठरवून घ्यावे. कारण तिकडच्या वॉर्डात त्या क्षणी दुसरी पेटी असेलच असे नाही, आणि पुढचे बाळ कदाचित त्याच रात्री जन्मणार असते.